गाण्याचें गोत्र

अमेरिकेंतील शिकागो शहराच्या 'विल्को' नांवाच्या सहा जणांच्या वाद्यवृंदानें २७ मे २०२२ रोजीं एकवीस गाण्यांचा एक अल्बम प्रसिद्ध केला. त्याचें नांव 'क्रूएल कंट्री'. इंग्रजींत 'कंट्री' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक देश, आणि दुसरा खेड्यापाड्यांचा मुलुख. या दुसऱ्या अर्थावरून, अमेरिकेच्या दक्षिण भागांतील ग्रामीण गोऱ्या लोकांचें म्हणून जें संगीत ओळखलें जातें त्यासही 'कंट्री' असेंच म्हणतात. तेव्हां अल्बमच्या नांवाचा अर्थ 'क्रूर देश' असा घ्यावा, कीं क्रौर्याविषयींचीं कंट्री-गीतें असा घ्यावा, हा श्लेष कर्त्यांनीं बुद्ध्याच ठेविलेला आहे. तो नुसता शब्दांचा खेळ नाहीं. देश कोणाचा, आणि त्या देशाचें म्हणविलें जाणारें गाणें कोणाचें, हे दोन प्रश्न त्या एका शब्दांत एकमेकांस बिलगून बसले आहेत. याच मंडळींनीं पुढें २०२३ सालीं 'कझिन' नांवाचा आणखी एक अल्बम काढला आहे. परंतु हे दोन प्रश्न ज्यांत मांडले गेले त्याविषयींच आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

अशा विषयाला या पानांवर जागा कशाला, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांना अमेरिका हा परका मुलुख राहिलेला नाहीं. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीस आहे, कोणाची भाची तिकडे दिली आहे, आणि त्यांचीं मुलें तिकडच्याच शाळेंत जाऊन तिकडचींच गाणीं गुणगुणत असतात. सुटींत तीं नातवंडें इकडे आलीं म्हणजे आजीआजोबांस त्यांच्या कानांतलें संगीत हा एक गोंगाट वाटतो, आणि "हें ना धड त्यांचें, ना धड आपलें" असा शेराही मारला जातो. हा शेरा गाण्यावर असतो कीं मुलांवर, हें मात्र कोणी स्पष्ट बोलत नाहीं. म्हणून धडपणाची ही कल्पना एकदां तपासून पाहावी, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

प्रथम कंट्री-संगीत म्हणजे काय तें थोडक्यांत सांगूं. गिटार, बँजो आणि व्हायोलिन हीं त्याचीं मुख्य वाद्यें. त्याच्या जोडीला लोखंडी पट्टी तारांवरून सरकवून वाजविण्याची एक गिटार असते. तिचा स्वर आपल्या मींडेप्रमाणें एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि ऐकणाराच्या काळजास हात घालतो. चाली सोप्या, शब्द बोलण्यांतले, आणि विषय संसाराचे : तुटलेलें घर, दूर गेलेला माणूस, आगगाडी, दारू, तुरुंग, आईची आठवण आणि शेवटीं देव. हें संगीत ऐकतांना जुनें, मातींतून उगवलेलें, एकाच समाजाच्या अंगचें असें भासतें. त्याचे अभिमानी लोकही तसेंच सांगतात. हा समज कसा जन्मास आला, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

१९२० सालीं ओके नांवाच्या ग्रामोफोन कंपनीनें मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची एक तबकडी काढली. ती इतकी खपली कीं कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीं निराळ्या तबकड्या काढण्याची प्रथाच पडली. तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, त्याच कंपनीच्या राल्फ पीअर या गृहस्थानें अटलांटा शहरीं जॉन कार्सन नांवाच्या एका प्रौढ व्हायोलिनवादकाचें गाणें मुद्रित केलें. पीअरला तें गाणें मुळींच रुचलें नव्हतें. परंतु तबकडी हातोहात संपली, आणि खेडवळ गोऱ्यांचेंही एक गिऱ्हाईक आहे हें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें. मग कंपन्यांनीं दोन याद्या केल्या. कृष्णवर्णीयांच्या यादीस 'रेस' म्हणजे वंश असें नांव पडलें, व गोऱ्या खेडुतांच्या यादीस पुढें 'हिलबिली' म्हणजे डोंगरी गांवढळ असें नांव रूढ झालें. १९४९ सालीं 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकानें हीं नांवें सभ्य केलीं. 'रेस'चें 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झालें, आणि ग्रामीण संगीताच्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' अशी पाटी लागली. सारांश, ज्या गोत्राचा आज एवढा अभिमान बाळगला जातो तें कोणा पूर्वजानें सांगितलेलें नाहीं. दुकानदारानें आपल्या फडताळांत माल लावतांना चिकटविलेली ती चिठ्ठी आहे.

याद्या दोन झाल्या तरी गाणारे एकमेकांच्या शेजारींच राहत होते. बँजो हें वाद्य पश्चिम आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या स्मरणांतून अमेरिकेंत उभें राहिलें. व्हायोलिनच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडकडून आल्या. गळ्याला हिसका देऊन आवाज एकदम वर नेण्याची 'योडल' नांवाची लकब आल्प्स पर्वताची. आणि ती लोखंडी पट्टीची गिटार आली थेट हवाई बेटांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणानें ती वादनपद्धति सिद्ध केली असें मानतात. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत तिकडच्या वादकांनीं लोकांस वेड लावलें, आणि थोड्याच वर्षांत ती गिटार दक्षिणेच्या खेडुतांच्या हातीं गेली. तीच गिटार आपल्या मुंबईसही आली. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनीं तिच्यावर वाजविलेलीं चित्रपटगीतें ज्यांनीं ऐकलीं असतील, त्यांना कंट्री-गाण्यांतील तो घसरता स्वर अगदींच अनोळखी वाटणार नाहीं. एकाच बेटावरची माहेरवाशीण दोन निरनिराळ्या घरीं नांदली, आणि दोन्ही घरांनीं तिला आपलीच लेक म्हटलें.

१९२७ च्या उन्हाळ्यांत टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं याच पीअरनें व्हिक्टर कंपनीकरितां ध्वनिमुद्रण केलें. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कंट्री-संगीताचे दोन मूळपुरुष म्हणून मानले जातात, ते तेथेंच प्रथम पुढें आले. परंतु कार्टर कुटुंबाचा कर्ता ए. पी. कार्टर गांवोगांव हिंडून गाणीं गोळा करी, तेव्हां त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नांवाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टरनें शब्द उतरून घ्यावे आणि रिडलनें चाल ध्यानांत ठेवावी, अशी त्यांची वांटणी होती. रॉजर्स हा रेल्वेंतला कामगार. त्याचीं 'ब्लू योडल' म्हणून प्रसिद्ध असलेलीं गाणीं म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायकीला दिलेला योडलचा साज होय. १९३० सालीं त्यानें यांपैकीं एक गाणें मुद्रित केलें, तेव्हां साथीस कर्णा होता जॅझ-संगीताचा महापुरुष लुई आर्मस्ट्राँग याचा. त्या तबकडीवर त्याचें नांवसुद्धां छापलें गेलें नाहीं.

नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ-कार्यक्रमाची गोष्ट याहून खेदकारक आहे. त्याच्या आरंभींच्या लोकप्रिय कलावंतांत डेफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ-ऑर्गनवादक होता. १९४१ सालीं त्याला काढून टाकण्यांत आलें, आणि पुढें त्यानें जोड्यांना पॉलिश करण्याचें दुकान चालवून पोट भरलें. कंट्री-संगीताच्या सन्मानमंदिरांत त्याचें नांव २००५ सालीं लागलें. त्यास मरून तेव्हां तेवीस वर्षें झालीं होतीं. पाटीवरचा शब्द खरा ठरावा म्हणून माणसें पुसून टाकावीं लागतात, याचें हें उदाहरण.

'संकर' हा शब्द ऐकतांच आपल्याकडे कपाळास आठी पडते. अर्जुनाच्या विषादापासून त्या शब्दाची धास्ती आपल्या रक्तांत मुरलेली आहे. परंतु आपल्याच संगीतशास्त्रानें याबाबतींत केवढें औदार्य दाखविलें आहे तें पाहा. रागांचे शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे तीन वर्ग शास्त्रकारांनीं केले. आपल्याच अंगानें उभा राहतो तो शुद्ध, दुसऱ्याची छाया ज्यावर पडते तो छायालग, आणि अनेकांच्या मिश्रणानें होतो तो संकीर्ण. संकीर्ण रागास त्यांनीं पंक्तीबाहेर बसविलें नाहीं. कोल्हापुरास राहून गायिलेल्या अल्लादियाखांसाहेबांच्या घराण्याची कीर्ति तर बसंती-केदारासारख्या जोडरागांवरच विशेष पसरली. मात्र तेथें अट एकच असते : बसंत कोठें संपतो आणि केदार कोठें सुरू होतो, हें गाणाऱ्याला पुरतें ठाऊक असलें पाहिजे.

विल्को मंडळींच्या कुळाची कथा या अटीच्या उजेडांत वाचली म्हणजे तिचें मर्म कळतें. इलिनॉय संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या अलीकडे, सेंट लुई शहरासमोर बेलव्हिल म्हणून एक गांव आहे. तेथील जे फॅरर, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या तीन तरुणांनीं 'अंकल टुपेलो' नांवाचा बँड काढला. ट्वीडीचे वडील रेल्वेंत नोकरीस होते. या पोरांचे कान वाढले ते पंक नांवाच्या, आरडाओरड्याच्या आणि बंडखोर संगीतावर. परंतु त्यांना जुन्या कंट्री-गाण्यांचीही ओढ लागली, आणि या दोन्हींत एकच दुखणें आहे असें त्यांना आढळलें : बंद पडणारे कारखाने, रिकामे हात, आणि दारूंत बुडालेली संध्याकाळ. १९९० सालीं त्यांचा पहिला अल्बम निघाला, त्याचें नांव 'नो डिप्रेशन'. तें नांव कार्टर कुटुंबानें १९३६ सालीं, महामंदीच्या काळांत, मुद्रित केलेल्या एका भजनावरून घेतलें होतें; मंदी नाहीं ती फक्त स्वर्गांत, असा त्या भजनाचा भाव. या अल्बमवरून पुढें १९९५ सालीं त्याच नांवाचें एक नियतकालिकही निघालें, आणि कंट्री व रॉक यांच्या या नव्या मिश्रणाला 'अल्टरनेटिव्ह कंट्री' म्हणजे पर्यायी कंट्री असें नांव पडलें.

हें मिश्रण करणारे हेच पहिले होते असें मात्र नव्हे. १९६२ सालीं रे चार्ल्स या अंध कृष्णवर्णीय गायकानें कंट्री-गीतें आपल्या ढंगानें गाऊन सबंध अमेरिकेस डोलविलें होतें. १९६८ सालीं ग्रॅम पार्सन्स या तरुणानें 'बर्ड्झ' या रॉक-मंडळींस कंट्रीच्या वाटेवर आणलें होतें. अंकल टुपेलोचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं मिसळण्यापूर्वीं शिकून घेतलें. १९९२ सालीं त्यांनीं एक अल्बम केला, त्याचें नांव नुसतें '१६-२० मार्च १९९२', म्हणजे मुद्रणाच्या पांच दिवसांच्या तारखा. त्यांत विजेचीं वाद्यें बाजूस ठेवून त्यांनीं कोळशाच्या खाणींतील मजुरांचीं आणि जुन्या भक्तांचीं पारंपरिक गाणीं, स्वतःच्या रचनांच्या शेजारीं बसवून, साधेपणानें गायिलीं. पंचविशीच्या आंतबाहेरच्या पोरांनीं आजोबांच्या गाण्यापुढें असें मांडी घालून बसावें, ही गोष्ट लहान नव्हे.

१९९४ सालीं फॅरर आणि ट्वीडी यांचें पटेनासें झालें आणि बँड मोडला. फॅररनें 'सन व्होल्ट' काढला. उरलेल्यांस घेऊन ट्वीडीनें 'विल्को' उभा केला. हें नांव बिनतारी संदेश पाठविणाऱ्यांच्या परिभाषेंतलें. 'आज्ञेप्रमाणें करतों' असा त्याचा अर्थ. पण या मंडळींनीं आज्ञा क्वचितच पाळली. कंट्रीची पाटी कपाळावर बसली, तेव्हां ती पुसण्यासाठींच जणूं ते दरवेळीं नव्या वाटेला लागले. १९९८ सालीं इंग्रज गायक बिली ब्रॅग याच्याबरोबर, वूडी गथ्री या थोर लोकगायकाच्या मागें राहिलेल्या, चाल नसलेल्या कवनांना त्यांनीं चाली दिल्या. गथ्री १९६७ सालीं वारला होता. त्याच्या कन्येनें तीं जुनीं कागदपत्रें विश्वासानें या परक्या तरुणांच्या स्वाधीन केलीं. पुढें २००१ सालीं त्यांनीं 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम तयार केला. त्यांत गिटारीच्या साध्या गाण्यांभोंवतीं रेडिओची खरखर, यंत्रांचे आवाज आणि अर्धवट ऐकूं येणारे संदेश विणलेले होते. त्यांच्या रीप्रीझ या कंपनीनें तो नाकारला. तेव्हां मंडळींनीं तो १८ सप्टेंबर २००१ पासून आपल्या संकेतस्थळावर ऐकण्यास खुला केला. श्रोत्यांचें प्रेम पाहून नॉनसच या कंपनीनें तो विकत घेऊन २३ एप्रिल २००२ रोजीं प्रसिद्ध केला. गंमत अशी कीं, या दोन्ही कंपन्या एकाच मोठ्या व्यापारी कुटुंबाच्या शाखा होत्या! एका भावानें घराबाहेर काढलेलें मूल दुसऱ्या भावानें पैसे मोजून दत्तक घेतलें, असाच हा प्रकार झाला.

इतकी वर्षें ज्या नांवापासून ही मंडळी अंग चोरीत आलीं, तें नांव त्यांनीं २०२२ सालीं आपण होऊन स्वीकारलें. आपण यापूर्वीं या व्याख्येंत कधीं सुखानें बसलों नव्हतों, पण यावेळीं आपल्या संगीतास कंट्री म्हणण्यास आमची हरकत नाहीं, अशा अर्थाचें ट्वीडीनें तेव्हां लिहिलेंही. अल्बमची घडणही जुन्या रीतीची आहे. आजकाल एकेक वाद्य निराळें मुद्रित करून मागाहून सांधण्याची चाल आहे. महामारीनें कित्येक महिने एकमेकांपासून दूर राहिलेले हे सहा जण मात्र शिकागो येथील 'द लॉफ्ट' या आपल्या मुद्रणगृहांत एकत्र बसले, आणि बहुतेक गाणीं त्यांनीं एकदम, समोरासमोर वाजवून मुद्रित केलीं. त्यामुळें एकानें सूर सोडला कीं दुसरा तो अलगद उचलतो, हें कानांस कळतें. आपल्या बैठकींत तबलजी आणि गवई एकमेकांकडे पाहतात तसें.

आणि हे सहा जण कोण? नेल्स क्लाइन हा गिटारवादक जॅझच्या मुक्त वादनांत मुरलेला. ग्लेन कॉची हा तालवादक असा कीं, क्रोनॉस क्वार्टेट या प्रसिद्ध तंतुवाद्य-चतुष्टयासाठीं त्यानें रचना केलेली. जॉन स्टिरॅट, मिकेल जॉर्गेन्सन आणि पॅट सॅन्सोन यांचींही घराणीं निरनिराळीं. असे लोक साधें गाणें वाजवितात तेव्हां त्या साधेपणाखालीं पुष्कळ जाणतेपण असतें. 'फॉलिंग अपार्ट (राइट नाऊ)' हें गाणें ठसकेबाज, पाय ठेक्यावर नाचविणारें, अगदीं जुन्या वळणाचें. 'बर्ड विदाउट अ टेल' हें बालगीतासारख्या शब्दांनीं सुरू होतें आणि पाहतां पाहतां गिटारींच्या लांबलचक संवादांत विरून जातें. 'मेनी वर्ल्ड्स' तर आकाशांतील तारे मोजल्यासारखें संथ उलगडतें. 'अ लाइफटाइम टू फाइंड' या गाण्यांत प्रत्यक्ष मृत्यु दारीं येतो आणि माणूस त्याच्याशीं बोलतो. पण चाल अशी खेळकर आहे कीं, पाहुणा वेळेआधीं आल्यानें यजमानाची जशी तारांबळ उडावी तसा तो प्रसंग वाटतो. कंट्रीची चौकट कोठेंच मोडलेली नाहीं, आणि तिच्या आंत जॅझही आहे, रॉकही आहे.

दोष नाहींत असें नाहीं. एकवीस गाणीं म्हणजे सव्वा तासाहून अधिक काळ होतो, आणि त्यांतील पुष्कळ गाणीं एकाच मंद लयीचीं आहेत. पांचसहा गाणीं गाळलीं असतीं तर बाकीचीं अधिक खुललीं असतीं. ट्वीडीचा आवाज बारीक आणि किंचित् चिरका आहे. गोड गळ्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांस तो पहिल्या ऐकण्यांत रुचेल असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु घरांतील मोठें माणूस रात्रीं आरामखुर्चीवर बसून स्वतःशींच कांहीं बोलावें तसा तो आवाज आहे, आणि या गाण्यांना तोच शोभतो.

आतां त्या 'क्रूर' विशेषणाकडे येऊं. पहिलेंच गाणें 'आय अ‍ॅम माय मदर' देशांतरास निघालेल्यांविषयीं आहे. दक्षिणेच्या सीमेवरून आंत येणारीं स्वप्नेंसुद्धां जेथें धोक्याचीं ठरतात, अशा देशाचा उपरोध त्यांत आहे. 'हिंट्स' या गाण्यांत, दोन पक्षांतील वैर इतकें विकोपास गेल्यावर मधली जागाच उरत नाहीं, हें दुःख आहे. आणि अल्बमच्या नांवाचें जें गाणें, त्यांत गाणारा आपल्या देशास मूढ आणि क्रूर म्हणतो, आणि त्याच दमांत त्याच्यावर आपलें प्रेम आहे असेंही सांगतो. चाल अशी मवाळ, कीं रागाचा लवलेश जाणवूं नये. ज्या संगीताचा उपयोग इतकीं वर्षें 'आमचा देश, आमचें गाणें, बाकीचे परके' असा धाक घालण्यासाठीं पुष्कळदां झाला, त्याच संगीताच्या सुरांत ही कबुली देणें, यांत या अल्बमचें खरें धैर्य आहे. घरच्यास घरचीं वैगुण्यें सांगण्याचा अधिकार ज्यानें घर आपलें मानलें त्यासच असतो. म्हणून आधीं 'कंट्री' हें नांव त्यांनीं आपलेंसें केलें, आणि मग हा शब्द उच्चारला.

येथें एक आक्षेप येईल. सगळेंच मिश्र, तर परंपरा म्हणून कांहीं उरत नाहीं काय? कोणीही उठावें आणि चार डब्यांतलें एका पातेल्यांत ओतावें? हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. बाजारांत आज मिश्रणाच्या नांवाखालीं जें खपतें त्यांतलें बरेंच, कोठलीच चव न कळणारी खिचडी असतें. त्यावर उत्तर एकच. परंपरा टिकते ती शुद्धतेनें नव्हे, तर ऋण ओळखण्यानें. कार्टरचें भजन कोठून आलें, हवाईची गिटार कोणीं आणली, बँजो कोणाच्या पाठीवरच्या वळांतून जन्मला, हें जो जाणतो त्यानें केलेलें मिश्रण परंपरेंत भर घालतें. जो जाणत नाहीं त्यानें एकाच जातीचें गाणें गायिलें, तरी तें उसनेंच राहतें.

आणि चिठ्ठी लावण्याचा हा वाद अजून मिटलेला नाहीं. २०१९ सालीं लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचें 'ओल्ड टाउन रोड' हें गाणें, तें पुरेसें कंट्री नाहीं असें ठरवून, त्याच 'बिलबोर्ड'नें कंट्रीच्या यादींतून काढलें. पुढें तेंच गाणें सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादींत एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. २०२४ सालीं बियॉन्से या प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिकेनें 'काउबॉय कार्टर' हा अल्बम काढला, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ग्रॅमी पारितोषिकांत कंट्रीचा उत्कृष्ट अल्बम आणि वर्षाचा उत्कृष्ट अल्बम, असे दोन्ही मान त्यास मिळाले. कृष्णवर्णीयांना कंट्रीचें द्वार आतां उघडलें असें पुष्कळ वृत्तपत्रांनीं लिहिलें. लेस्ली रिडल आणि डेफोर्ड बेली यांची हकीकत वर वाचलेल्यांस हें ठाऊक आहे कीं, घर बांधणारांतच ते होते; द्वार मागाहून लागलें.

ज्यांच्या घरीं तिकडचीं मुलें येणार असतील, त्यांना एक सुचवावेंसें वाटतें. सबंध अल्बम एका बैठकींत ऐकूं नये. 'फॉलिंग अपार्ट'पासून आरंभ करावा, मग 'अ लाइफटाइम टू फाइंड', आणि रात्रीं दिवे मालवल्यावर 'मेनी वर्ल्ड्स'. शब्दांचा अर्थ मुलांनाच विचारावा. शिकविण्याची संधि त्यांना क्वचित् मिळते आणि ती त्यांना आवडते. मग त्यांना तो घसरता गिटारीचा स्वर दाखवून शिपलीची एखादी जुनी तबकडी ऐकवावी, आणि हा सूर हवाईहून मुंबईस व नॅशव्हिलास कसा गेला तें सांगावें. गाणें आवडलें नाहीं तरी कांहीं बिघडत नाहीं. पण त्या मुलांना इकडचे लोक 'तिकडचीं' म्हणतात आणि तिकडचे लोक 'तुम्ही मूळचे कोठले' म्हणून विचारतात. दोन्हीकडचें ज्यांत आहे तें अर्धवट नसतें, हें त्यांना उपदेशानें सांगून पटणार नाहीं. आजीच्या शेजारीं बसून ऐकलेल्या एका गाण्यानें कदाचित् पटेल.